पाण्यात उमलणारी गाठ

फॉर्मॅलिनच्या लहानशा डबीतून ही गाठ आमच्या प्रयोगशाळेत येते, तेव्हा तिच्यात बघण्यासारखं काहीच नसतं. पांढुरकी, बुळबुळीत, जेमतेम सेंटिमीटरभर. चिमट्याने उचलली की सगळं एकमेकांना चिकटतं आणि हातात एक लिबलिबीत गोळा उरतो. डबीवर चिठ्ठी असते, 'ॲऑर्टिक व्हॉल्व्ह मास', म्हणजे महाधमनीच्या झडपेवरची गाठ. मग मी ती पाण्याच्या बशीत सोडते. त्या गोळ्यातून बारीक झुबके सुटे होतात, नाजूक बोटांसारखे तंतू चहूबाजूंनी पसरतात, आणि एका आखूड देठावर उभं असलेलं काहीतरी समोर येतं. पॅथॉलॉजीच्या बहुतेक पुस्तकांत याला सी-ॲनिमोनची, म्हणजे समुद्रफुलाची उपमा दिलेली असते. इतकी वापरून झालेली उपमा आपण तरी टाळावी असं दर वेळी वाटतं, आणि बशीत वाकून बघितलं की दुसरी सुचत नाही.

हिचं नाव पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. हृदयाच्या झडपांवर उगवणाऱ्या गाठींत सगळ्यात जास्त सापडते ती हीच, असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. ते खरंच आहे. पण कशातलं सगळ्यात जास्त, तेही सांगायला हवं. हृदयात मुळात सुरू झालेल्या गाठींचं प्रमाण शवविच्छेदनांच्या जुन्या आकडेवारीत सुमारे ०.०२ टक्के येतं, म्हणजे दहा लाखांत दोनशेच्या आसपास. दुसऱ्या अवयवातला कॅन्सर पसरत पसरत हृदयापर्यंत पोचण्याचं प्रमाण याच्या वीस ते चाळीस पट आहे. हृदयाच्या स्वतःच्या ज्या थोड्याथोडक्या गाठी असतात, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश साध्या, कॅन्सर नसलेल्या. त्यांतही झडपेवर बसलेल्या वेगळ्या काढल्या, की आपण फारच चिंचोळ्या गल्लीत शिरलेलो असतो. एखाद्या पॅथॉलॉजिस्टची आख्खी कारकीर्द अशी गाठ न बघता संपू शकते.

हृदयाला गाठी इतक्या कमी का होतात, याचं एक उत्तर स्नायूपेशींमध्ये शोधलं जातं. गाठ व्हायची तर पेशींचं विभाजन व्हायला हवं, आणि हृदयाच्या स्नायूपेशी त्या बाबतीत कमालीच्या आळशी. किती आळशी, हे मोजण्याची युक्ती मला वैद्यकातल्या सर्वांत विलक्षण युक्त्यांपैकी एक वाटते. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत झाल्या, आणि वातावरणातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, एकदम वाढला. १९६३च्या करारानंतर बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्या, तसा तो हळूहळू उतरत गेला. जी पेशी ज्या वर्षी जन्मली, तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतला कार्बन नोंदला गेला. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली हृदयाच्या पेशींमधली ही नोंद वाचली. वयाच्या पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. पूर्ण आयुष्य धरलं तरी निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात. जन्मल्या दिवसापासून सोबत असलेल्या कितीतरी पेशी शेवटच्या ठोक्यापर्यंत त्याच जागी काम करत असतात. सगळं जग घाबरवून सोडणाऱ्या स्फोटांतून इतकी शांत गोष्ट कळावी, याचं मला अजून नवल वाटतं.

मात्र हे उत्तर झडपांना लागू पडत नाही. झडप स्नायूची नसतेच. कोलॅजन, लवचिक तंतू, मधला मऊ थर, अधूनमधून विखुरलेल्या पेशी, आणि दोन्ही बाजूंनी एंडोथेलियमचं, म्हणजे रक्ताला लागून असणाऱ्या पातळ पेशींचं, अस्तर. जाडी बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडायचं आणि मिटायचं, तेही वर्षानुवर्षं, सुट्टी नाही. झडपेवर काही उगवत असेल तर त्याचं कारण या घर्षणाशीच जोडायचा मोह होतो, आणि तो मोह पहिल्यांदा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला.

विलेम दुशान लाम्बल हा बोहेमियातला डॉक्टर. १८५६ साली त्याने महाधमनीच्या झडपेवर, पाकळ्या जिथे एकमेकींना टेकतात त्या रेषेवर, केसासारखे बारीक तंतू लोंबताना पाहिले आणि त्यांचं वर्णन केलं. आजही आम्ही त्यांना लाम्बलचे तंतू म्हणतो. वय वाढलेल्या झडपांवर ते पुष्कळदा दिसतात, आणि झीज होऊन, वर फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन, साचून ते तयार होत असावेत असा समज आहे. याच लाम्बलने तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, मुलांच्या विष्ठेत एक सूक्ष्म परजीवी पाहून त्याचं वर्णन केलं; जिआर्डिया लाम्बलिया या नावात तो त्यामुळे कायमचा राहिला आहे. एका माणसाचं नाव हृदयाच्या झडपेवरही असावं आणि जुलाबाच्या जंतूवरही, हे वैद्यकातच घडू शकतं.

फायब्रोइलास्टोमा म्हणजे हेच तंतू वाढून झालेला झुबका, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. काही जुन्या लेखांत तिला 'लाम्बलचा महाकाय तंतू' असंच म्हटलेलं सापडतं. दिसायला दोन्ही सख्ख्या, रचनाही बरीचशी तीच. अडचण एका जागी येते. लाम्बलचे तंतू पाकळ्या जिथे घासतात तिथे असतात. ही गाठ बहुधा त्या रेषेपासून दूर, पाकळीच्या मधल्या भागावर किंवा घर्षण नसलेल्या बाजूला बसते. कधी तर झडप सोडून हृदयाच्या कप्प्याच्या भिंतीवर. मग घासण्याचं काय? दुसरे म्हणतात, ही जुनी रक्ताची गुठळी आहे, हळूहळू तंतुमय झालेली. काही गाठी छातीला किरणोपचार दिल्यानंतर किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही वर्षांनी, बरोबर त्याच भागात सापडल्या आहेत, म्हणून इजा हे कारण पुढे आलं. काहींना विषाणूचा संशय. आणि अलीकडे यातल्या काही गाठींमध्ये केआरएएस या जनुकात बदल आढळले, जे बदल खऱ्याखुऱ्या, स्वतःच्या बळावर वाढणाऱ्या गाठींत दिसतात. माझं मत विचाराल तर एकाच रूपाच्या मागे एकाहून अधिक वाटा असाव्यात. झडपेपाशी बोलायचे प्रकार थोडे आहेत. कुठल्याही कारणाने डिवचलं तरी ती अशीच बोटं काढत असेल.

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ जवळजवळ कंटाळवाणी असते. प्रत्येक बोटाच्या आत कोलॅजनचा आणि लवचिक तंतूंचा गाभा, भोवती फिकट, चिकट थर, वर एंडोथेलियमच्या पेशींची एकेरी रांग. व्हर्होफ-व्हॅन गीसन पद्धतीने रंगवली की लवचिक तंतू काळेभोर आणि कोलॅजन लाल दिसतं. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ही स्लाइड मी जपून ठेवते. पेशी निवांत. दुभंगणारी पेशी शोधूनही सापडत नाही. रक्तवाहिनी एकही नाही. कॅन्सरच्या गाठी स्वतःच्या रक्तपुरवठ्यासाठी केवढा उपद्व्याप करतात, आजूबाजूच्या वाहिन्या फितवून घेतात. ही तर रक्तातच उभी आहे. तिला वाहिन्या हव्यात कशाला? जे लागेल ते भोवतालच्या प्रवाहातून थेट झिरपतं.

रिपोर्ट लिहायला फार वेळ लागत नाही. पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा, कॅन्सरचा अंश नाही. खाली सही. रुग्णाचे नातेवाईक हा कागद हातात घेऊन सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्या सुटकेत काही खोटं नसतं. पण माझ्या कागदाने जे सांगितलं ते गाठीच्या स्वभावाबद्दल. ती कुठे बसली होती आणि किती हलत होती, हे माझ्या स्लाइडवर दिसत नाही. आणि या गाठीच्या बाबतीत सगळं त्या दोन गोष्टींवर अवलंबून असतं.

ती सर्वाधिक वेळा बसते महाधमनीच्या झडपेवर, त्याखालोखाल मायट्रलवर, म्हणजे डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर; दोन्ही हृदयाच्या डाव्या बाजूला. डाव्या बाजूने निघालेलं रक्त मेंदूकडे जातं, डोळ्यांकडे, मूत्रपिंडांकडे, हातापायांकडे, आणि खुद्द हृदयाकडेही. निरोगी झडपेतूनही ते सेकंदाला मीटरभर वा त्याहून अधिक वेगाने उसळतं. त्या उसळीत आखूड देठावरचा हा नाजूक झुबका प्रत्येक ठोक्याला पुढे फेकला जातो आणि मागे येतो. त्याचं एखादं बोट तुटू शकतं. किंवा त्या बोटांच्या जाळीत रक्त साखळून बारीक गुठळी बसू शकते आणि ती सुटते. मेंदूच्या धमनीत पोचली तर पक्षाघात, डोळ्याच्या धमनीत पोचली तर एका डोळ्यापुढे अचानक काळोख. गाठ तशीच साधी राहते. तिने कुणावर आक्रमण केलेलं नसतं.

महाधमनीच्या झडपेवर आणखी एक धोका आहे. तिच्या तीन पाकळ्यांपैकी दोन पाकळ्यांच्या मागच्या खळग्यांतून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या निघतात. झडप मिटते आणि हृदय सैल होतं, त्या काळात डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं. नेमक्या त्याच वेळी देठावरची गाठ मागे येऊन कोरोनरीच्या तोंडावर बसली तर? छातीत कळ, हार्ट अटॅक, आणि क्वचित अचानक मृत्यू. अशा मृत्यूनंतर कोरोनरी धमन्या आतून स्वच्छ सापडाव्यात आणि त्यांच्या तोंडाशी हा पांढरा झुबका दिसावा, अशा शवविच्छेदनांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मी स्वतः तसं कधी पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

२००३ साली ७२५ रुग्णांच्या प्रकाशित नोंदी एकत्र करून एक आढावा छापून आला. त्यात गाठींचे आकार २ मिलिमीटरपासून ७० मिलिमीटरपर्यंत होते. रुग्ण सर्वाधिक सापडले ते वयाच्या सत्तरी ते ऐंशीच्या दरम्यानचे. त्या आढाव्याचा मला सगळ्यात लक्षात राहिलेला निष्कर्ष असा, की मृत्यू किंवा गुठळी सुटण्याचा धोका स्वतंत्रपणे सांगणारी एकच गोष्ट सापडली: गाठीचं हलणं. आयुष्यभर मी जे पाहते ते कापून, मेणात बसवून, काचेवर चिकटवून. म्हणजे जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती माझ्यापर्यंत पोचण्याआधीच थांबवलेली असते.

हलणं बघायचं तर जिवंत हृदयात बघायला हवं, आणि तशी सोय फार जुनी नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एड्लर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायचा प्रयत्न केला. हर्ट्झनी त्यासाठी आधी जहाजबांधणीच्या कारखान्यातलं यंत्र उसनं आणलं होतं, धातूतल्या चिरा शोधायचं. एड्लरना खरं तर मायट्रल झडपेचा आजार मोजायचा होता. त्याच काळात हृदय उघडायचीही वाट मोकळी झाली. १९५३ मध्ये जॉन गिबन यांच्या हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, आणि १९५४ मध्ये स्टॉकहोमला क्लारेन्स क्राफूर्ड यांनी डाव्या कर्णिकेतला, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यातला, मिक्सोमा यशस्वीपणे काढला. मिक्सोमा ही हृदयातली दुसरी प्रसिद्ध साधी गाठ: मऊ, जेलीसारखी, बहुधा डाव्या कर्णिकेच्या मधल्या पडद्याला लटकलेली. ती मोठी होते, मायट्रल झडपेच्या तोंडात येऊन अडते, ताप येतो, वजन उतरतं, धाप लागते. म्हणजे आपण आहोत हे ती सांगते. फायब्रोइलास्टोमाला ती सवय नाही. तिच्यामुळे झडप सहसा गळत नाही, अरुंद होत नाही. स्टेथोस्कोपला बहुतेक वेळा काही ऐकू येत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकांतल्या हृदयाच्या गाठींच्या यादीत कित्येक वर्षं मिक्सोमा पहिली आणि ही मागे.

इकोची, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय दाखवणारी, यंत्रं सुधारत गेली, घशातून नळी घालून हृदयाच्या अगदी पाठीमागून बघता येऊ लागलं, आणि हा क्रम ढळला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५ साली आपल्या ५११ रुग्णांचा अभ्यास छापला, तेव्हा त्यांच्याकडे फायब्रोइलास्टोमांची संख्या मिक्सोमापेक्षा जास्त निघाली. लोकांच्या झडपा काही पन्नास वर्षांत बदलल्या नाहीत. बघणाऱ्याची नजर तीक्ष्ण झाली. शवविच्छेदनाच्या टेबलावरची एक गंमत म्हणून जी गाठ नोंदली जायची, ती आता चालत्याबोलत्या, ठणठणीत माणसाच्या रिपोर्टमध्ये उगवते.

त्या रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असतं, तेही बघण्यासारखं आहे. 'फायब्रोइलास्टोमा असण्याची शक्यता.' शक्यता. पडद्यावर दिसतो एक छोटासा गोलसर ठिपका, झडपेसोबत डुलणारा, आणि नजर तयार असेल तर त्याच्या कडा थरथरताना दिसतात. ती बोटं रक्तात हलत असतात म्हणून. पण झडपेवर डुलणारं आणखीही काही असू शकतं. जंतुसंसर्गाने झालेली वाढ असेल, तर सहसा ताप असतो, रक्तात जंतू सापडतात, झडप खराब होऊ लागते. रक्ताची गुठळी असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाने ती विरघळू शकते. लाम्बलचा लांबलेला तंतूही असू शकतो. एमआरआय इथे फारसा मदतीला येत नाही, कारण त्यात अनेक ठोक्यांची प्रतिमा एकत्र होते आणि इतकी बारीक, चपळ गोष्ट पुसट होऊन जाते. झडपेची सुई घालून बायोप्सी करता येत नाही. स्तनातली गाठ असो, थायरॉईडची असो, तिथे आधी आमचा रिपोर्ट येतो आणि मग शस्त्रक्रिया ठरते. इथे मी खात्रीने सांगू शकते, पण छाती उघडून, हृदय थांबवून, गाठ काढून झाल्यावर. पॅथॉलॉजीने निर्णय द्यावा आणि त्यावर पुढचं ठरावं, या शिरस्त्याची इतकी उलटापालट मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे. माझी खात्री सगळा धोका पत्करून झाल्यावर येते.

हे मला शब्दांत कधी मांडता आलं नव्हतं. ते आत्याने मांडलं.

आत्याचं दुखणं गुडघ्याचं. जिने चढता येईनात, म्हणून सांधा बदलायचं ठरलं, आणि भूल द्यायच्या आधी सगळ्यांचा करतात तसा इको केला. महाधमनीच्या झडपेवर, ज्या पाकळीमागून कोरोनरी निघत नाही त्या तिसऱ्या पाकळीवर, सहा मिलिमीटरचं काहीतरी. किंचित हलणारं. वय अठ्ठ्याहत्तर, मूत्रपिंडं आधीच थकलेली, पक्षाघाताचा इतिहास नाही, तक्रार नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी अर्धा तास बसून समजावलं. डाव्या बाजूची, हलणारी गाठ, म्हणून काढावी असा एक विचार. एकदा जरी मेंदूला झटका येऊन गेला असता, तर काढा म्हणून त्यांनी जोर धरला असता. शस्त्रक्रियेत छातीचं हाड मधोमध कापून, हार्ट-लंग मशीनवर ठेवून, गाठ देठासकट खरवडून काढतात; बहुतेक वेळा झडप वाचते, आणि गाठ पुन्हा उगवणं अगदी क्वचित. पण तिच्या वयाला आणि तिच्या मूत्रपिंडांना हे ऑपरेशन हलकं नाही. आणि ज्या पक्षाघाताच्या भीतीने ते करायचं, तो पक्षाघात त्या ऑपरेशनच्या धोक्यांच्या यादीतही आहेच.

आत्या जन्मभर लेखापरीक्षण करत आली. आकडा ऐकल्याशिवाय तिचं समाधान होत नाही, म्हणून संध्याकाळी तिने मला विचारलं. मी तिला मेयोचे आकडे सांगितले: ज्यांची गाठ न काढता ठेवली, त्यांच्यात पहिल्या वर्षात ६ टक्के आणि पाच वर्षांत १३ टक्के जणांना पक्षाघात झाला.

"या लोकांचे इको मुळात कशासाठी केले होते?" तिने विचारलं.

मी गप्प झाले. प्रश्न अचूक होता. अशा मोठ्या केंद्रांत इको होतो तो पुष्कळदा आधीच काही घडलंय म्हणून. एखादा झटका येऊन गेलाय, हृदयाचा दुसरा आजार आहे, ठोके अनियमित आहेत. त्यांच्या टक्केवारीत गाठीचा वाटा किती आणि बाकीच्या आजारांचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. ज्यांच्या झडपेवर ही गाठ शांतपणे आहे आणि ज्यांचा इको कधी झालाच नाही, ते तर हिशेबात आलेलेच नाहीत.

"मग ही नक्की तीच गाठ आहे का, हे तरी तू सांगशील?"

"दिसतेय तशीच, आत्या. पण खात्री काढल्यावर. माझ्याकडे आली की दोन दिवसांत सांगते."

"म्हणजे तुझी खात्री व्हावी म्हणून माझी छाती उघडायची," ती म्हणाली, आणि हसली. मग चष्मा पुसत म्हणाली, "आमच्याकडे याला वर्ष संपल्यावरचं ऑडिट म्हणत. चूक कळायची बरोबर. पैसे गेलेले असायचे."

तिने ऑपरेशन नको म्हटलं. डॉक्टरांना ते चूक वाटलं नाही, पण पटलं असंही ते म्हणाले नाहीत. प्रामाणिक डॉक्टरकडून मला तेवढंच अपेक्षित होतं. ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू झाली. ती या गाठीत नेमका किती उपयोग करते याचा पुरावा तोकडा आहे, पण गाठीच्या जाळीत रक्त साखळू नये एवढा त्यामागचा विचार. ठरावीक महिन्यांनी इको. गाठ वाढली, जास्त हलू लागली, किंवा काही लक्षण दिसलं तर पुन्हा चर्चा. लक्षणांची यादी मी तिच्याकडून पाठ करून घेतली: चेहरा एका बाजूला ओघळणं, हातातलं बळ अचानक जाणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यासमोर अंधार येणं. दोन मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी लगेच दवाखान्यात, थोड्या वेळाने बघू म्हणून बसून राहायचं नाही. हे शेवटचं वाक्य ती माझ्याच आवाजाची नक्कल करत म्हणून दाखवते.

उजव्या बाजूला, म्हणजे तिथल्या ट्रायकस्पिड झडपेवर गाठ असती, तर हा सगळा खल बहुधा इतका झाला नसता. तिथून सुटलेला तुकडा फुफ्फुसांत जातो, आणि लहान तुकडा फुफ्फुसं पचवतात. साधारण चौघांतल्या एकाच्या हृदयाच्या मधल्या पडद्यात जन्मापासूनची एक फट अर्धवट उघडी राहिलेली असते आणि तिच्यातून तुकडा डावीकडे निसटू शकतो, एवढाच त्याला अपवाद. नवजात बाळांच्या झडपांवर रक्ताच्या बारीक पुटकुळ्या सापडतात, त्यांचं तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. काही महिन्यांत त्या आपोआप जिरतात. झडपेवरच्या सगळ्याच गोष्टी भीतीच्या नसतात. पण हे मी आत्याला सांगून काय उपयोग? तिची डाव्या बाजूला आहे.

आतापर्यंत ज्या ज्या फायब्रोइलास्टोमा मी पाहिल्या, त्या कुणाच्या होत्या हे मला माहीत नाही. डबीवर नंबर असतो, वय असतं. मी त्यांच्या प्रत्येक तंतूचा रंग सांगू शकते. जिची माणसं मला माहीत आहेत, जिच्या मालकिणीच्या कडेवर मी वाढले, ती एकच गाठ मी कधी बशीत सोडणार नाही, आणि ती तीच आहे की नाही हेही मला कदाचित कधी कळणार नाही. व्यवसायाची सवय अशी, की मनाच्या एका कोपऱ्यात ती बघायची उत्सुकता आहे. ते कबूल करायला थोडं अवघड जातं. आत्याला मात्र त्याची गंमत वाटते. "तुझ्या स्लाइडसाठी थांबले असते तर मीच राहिले नसते," असं ती पाहुण्यांसमोर सांगते, आणि पाहुण्यांना हसावं की नाही ते कळत नाही.

सध्या तिची एकच तक्रार आहे, गुडघा. जे दुखतंय ते राहिलं बाजूला आणि जे दुखत नाही त्याच्यामागे सगळे लागले, हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख अजून ठरलेली नाही. भूलतज्ज्ञांना त्याआधी झडप पुन्हा एकदा बघायची आहे, आणि ॲस्पिरिन चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची यावर हाडांचे आणि हृदयाचे डॉक्टर आपसात बोलताहेत. आत्याने काल फोन करून एवढंच विचारलं, की इकोला उपाशी यावं लागेल का. छातीवरून करायच्या साध्या इकोला लागत नाही, घशातून करायच्या इकोला लागतं. यातला कुठला करायचा, ते मी उद्या विचारून तिला कळवणार आहे.